गायीच्या धारेचा वेग: कांडी निवडताना बघायचा का?

तिसरी_धार:
अमेरिकेत ऑगस्ट २०२५ पासून होल्स्टीन वळूंच्या तक्त्यात एक नवा रकाना आलाय, दुधाच्या वेगाचा. या वळूच्या मुली मिनिटाला किती पौंड दूध सोडतील, याचा अंदाज त्यात असतो. जातीची सरासरी ७.१ पौंड, म्हणजे मिनिटाला साधारण ३.२ किलो. आनुवंशिकता (गायी-गायींतल्या फरकात जनुकांचा वाटा) ४२ टक्के. दुधाच्या उत्पादनाची आनुवंशिकता २०-३० टक्क्यांच्या आसपास घुटमळते आणि गाभण राहण्याच्या गुणांची तर १० च्याही खाली, म्हणून हा आकडा डोळ्यात भरतो.

आता आपल्याकडचं चित्र घ्या. वर्धा, अमरावती, यवतमाळ पट्ट्यातला १०-१२ संकरित गायींचा कोठा. एका वेळेला गायीमागे ६ ते ८ किलो दूध, एक नाहीतर दोन क्लस्टरची (चार कपांच्या जोडाची) बादली मशीन, आणि सकाळी ठरल्या वेळेला संकलनाची गाडी निघून जाते. अशा ठिकाणी एचएफची (होल्स्टीन फ्रिजियनची) रेतकांडी घेताना या रकान्याला किती वजन द्यावं? की हे दोन-दोन हजार गायींच्या पार्लरचं (यंत्राने धार काढायच्या जागेचं) दुखणं आहे, आपलं नाहीच? आकडे देऊन बोललात तर बरं.

ढेप_चुनी:
पहिले लाइनीचा वेग वाढवा म्हना बाप्पा. बरोबर धारेच्या टायमाले लाइट जाते. गाय बिचारी पान्हावून उभी, आन् पंप बंद.

सव्वाशेर:
आकडे मागितलेत, घ्या. गाय एका वेळेला ८ किलो देते, मिनिटाला १.६ किलोने. कप लावल्यापासून ५ मिनिटं. सरासरीपेक्षा ०.३ पौंड जास्त असलेला वळू वापरला आणि मुलीचा वेग तेवढाच, म्हणजे १३६ ग्रॅमनी, वाढला असं धरू. १.७४ च्या वेगाने ८ किलोला ४ मिनिटं ३६ सेकंद. वाचले २४ सेकंद. दहाच्या दहा गायी तशा झाल्या आणि क्लस्टर एकच असला, तर एका वेळेला ४ मिनिटं.

आणि ही ४ मिनिटं मिळणार कधी? आज कांडी भरली तर नऊ महिन्यांनी कालवड, ती विणार अडीच-तीन वर्षांची झाल्यावर. सव्वातीन वर्षं थांबून चार मिनिटं. दोन गायी पान्हा सोडेपर्यंत आपण याहून जास्त वेळ बिडी ओढत बसतो.

तिसरी_धार:
०.३ चं अर्धं करायचं राहिलं का? वळू अर्धीच जनुकं देतो ना.

कानबिल्ला:
नाही. तक्त्यात छापलेला आकडा मुलीपर्यंत पोचणारा असतो, अर्धं त्यातच झालेलं असतं. परत अर्धं करू नका, ही चूक फार जण करतात.

पण सव्वाशेर यांच्या हिशेबात दुसरीकडे सूट द्यावी लागेल. तो ०.३ पौंडांचा फरक ३.२ किलोच्या गायींत मोजलेला आहे. आपली गाय त्याच्या निम्म्या वेगाची, कारण दूध कमी, कास लहान, दाब कमी. तिच्यात तोच वळू किलोच्या हिशेबात तेवढाच फरक पाडेल असं नाही, टक्क्यांच्या हिशेबात पाडेल असं धरणं जास्त सुरक्षित. ३.२ वर १३६ ग्रॅम म्हणजे सव्वाचार टक्के. ५ मिनिटांतले सव्वाचार टक्के म्हणजे १२-१३ सेकंद. म्हणजे त्यांचं म्हणणं उलट आणखी पक्कं झालं.

मात्र सरासरीत अडकू नका. कोठ्याला त्रास सरासरी गायीचा होतच नाही. दहांतल्या नऊ पाच-सहा मिनिटांत मोकळ्या होतात आणि एक अकरा मिनिटं क्लस्टर अडवून बसते, त्रास तिचा असतो. वळू सरासरीच्या फार खालचा निवडला तर अशा जड सडाच्या (सावकाश धारेच्या) मुलींची संख्या वाढते. या रकान्याचा आपल्यासाठी उपयोग तेवढा एक: तळचे वळू गाळणे. वरचे हुडकत बसण्यात अर्थ नाही, आणि का नाही ते कोणीतरी कासेच्या बाजूने सांगेलच.

लाळ्या_खुरकूत:
मी सांगतो. पण आधी एक गोंधळ निस्तरू. "गाय वेळ खाते" या एका तक्रारीत तीन वेगळी कारणं एकत्र आलेली असतात.

पहिलं कारण पान्हा. कासेला हात लागल्यापासून ऑक्सिटोसिन रक्तात येऊन दूध उतरायला ६० ते ९० सेकंद लागतात. वेत संपत आलेली, कास अर्धीच भरलेली गाय दोन मिनिटंही घेते. गायीच्या दुधातला साधारण पाचवा भागच कासेच्या खालच्या पोकळीत आणि नळ्यांत तयार असतो, बाकी वरच्या बारीक पेशींत. पान्ह्याआधी कप लावले की हा पाचवा भाग भसकन येतो, मग धार सुकते, मिनिटभराने पुन्हा सुरू होते. मीटर असलेल्या पार्लरमध्ये याचा आलेख उंटाच्या पाठीसारखा दोन वशिंडांचा निघतो. यात सडाचा दोष काही नसतो, घाई आपली असते. शिवाय मधल्या त्या कोरड्या वेळात रिकाम्या सडावर निर्वात दाब चालूच राहतो.

दुसरं कारण सडाचं तोंड. सडाच्या टोकाला जेमतेम सेंटिमीटरभर लांबीची नळी असते आणि तिच्याभोवती आवळणारा स्नायूचा छल्ला. नळी किती रुंद आणि छल्ला किती घट्ट, यावर धार जाड की बारीक ते ठरतं. जनुकांचा खरा वाटा इथे आहे.

तिसरं कारण मशीन. ते जाणकारांनी लिहावं.

वळू बदलून फक्त दुसरं सुधारतं. पहिल्याला नव्वद सेकंदांची शिस्त लागते आणि तिसऱ्याला पाना.

बादली_मशीन:
पाना हजर आहे.

मिल्क क्लॉला (चारही कप जिथे जुळतात तो तुकडा) हवेचं एक बारीक छिद्र असतं, सुईच्या टोकाएवढं. ते दुधाच्या सायीने बुजलं की दूध पुढे सरकत नाही, क्लॉ भरून राहतो, आणि गाय सावकाश वाटायला लागते. छिद्र रोज बघायचं. बुजलं तर बारीक तारेने हलक्या हाताने मोकळं करायचं, दाभण खुपसून मोठं करायचं नाही. मोठं झालं की निर्वात दाब पडतो आणि कप गळून पडतात.

पल्सेटर (लायनर आलटून पालटून आवळणारा-सोडणारा भाग): लायनरमध्ये, म्हणजे कपातल्या रबरी नळीत, अंगठा घाला आणि घड्याळ लावून मोजा. मिनिटाला ६० च्या आसपास दाबलं पाहिजे. ४५ भरले तर पल्सेटर खोलून, धूळ पुसून पुन्हा बसवा. कापूस वेचणीच्या दिवसांत कोठ्यात तंतू उडतात, ते हवेच्या वाटेत अडकतात.

लायनर: रबराचे असतील तर २५०० दोहनांना बदलायचे. १२ गायी, दोन वेळा, एकच क्लस्टर म्हणजे दिवसाला २४ दोहनं. १०४ दिवस, साडेतीन महिने. दोन-दोन वर्षं तेच लायनर वापरले जातात, मग रबर ढिलं पडतं, आतून तडकतं, सडाला नीट आवळत नाही. गाय तीच, वळू तोच, आणि वेळ दीड-दोन मिनिटांनी वाढते.

व्हॅक्यूम गेज: गायीला ४२ ते ५० किलोपास्कल. गेजवर मिलिमीटर पारा असेल तर ३१५ ते ३७५. काटा ४०० च्या पुढे नेऊन धार जोरात काढायचा मोह होतो. धार थोडी वाढते खरी, पण कप सडावर वर चढून सडाचं मूळ दाबतात, शेवटचं दूध आतच अडकतं आणि सडाच्या टोकाला पांढरी खरबरीत कडी धरते. तशी कडी दिसली की आधी गेज बघा, मग गायीला शिव्या द्या.

ढेप_चुनी:
गेजचा काटा तं तीन वर्षांपासून एकाच जागी अडकून राह्यते, पंप बंद असला तरी. मंग काय वाचाव?

बादली_मशीन:
पंप बंद असताना काटा शून्यावर नसेल तर गेज बदला.

गवळाऊ_आर्वी:
सगळी चर्चा एचएफवर चाललीय. आर्वी-कारंजा भागातल्या गवळाऊ गायी किंवा त्यांच्यापासून केलेल्या संकरित गायी घ्या. वासरू जवळ नसलं की पान्हाच चोरतात. त्या ठिकाणी मिनिटाला किती किलो हा प्रश्न गैरलागू आहे, गाय मुळात दूध सोडते की नाही हा प्रश्न आहे. देशी रक्तात वासराशिवाय पान्हावणं हाच निवडीचा गुण धरायला पाहिजे. वेग नंतर.

कानबिल्ला:
सहमत, एक दुरुस्ती. गवळाऊ मुळात ओढकामाची, दम असलेली जात. तिच्याकडून एचएफची धार मागणं म्हणजे बैलाला ट्रॅक्टरचं डिझेल पाजणं. पण संकरितमध्ये विदेशी रक्त ५० ते ६२.५ टक्क्यांच्या दरम्यान ठेवावं असं जे सांगतात, त्यातही दोन बहिणी सारख्या नसतात. एक वासरू नसलं तरी बादलीच्या आवाजाने पान्हावते, दुसरी अडून बसते. पहिलीच्या कालवडी ठेवा. याला ना जनुकं वाचणारी चिप लागते ना परदेशी तक्ता.

काळी_माती:
वरचे वळू का हुडकू नयेत, याचं उत्तर लाळ्या_खुरकूत देणार होते, ते राहिलं. माझ्याकडून:

सडाची नळी रुंद म्हणजे धार जाड, आणि तीच नळी जंतूंना आत यायची वाट. वेग वाढवायला निवड केली की दुधातल्या सोमॅटिक पेशीही (कासेच्या आजाराची खूण) सोबत वाढायला लागतात, हा जनुकांमधला संबंध अनेक देशांत दिसलेला आहे. अति मोकळ्या सडाची गाय दोन धारांच्या मधे बसली की दूध गळतं. आपल्या कोठ्यात जुलै-ऑगस्टमध्ये खाली काय असतं? काळा चिखल, शेण, मूत. उघडं सड त्यात टेकलं की दगडी (कासदाह) ठरलेलीच. काँक्रीट, रबरी गाद्या आणि कोरडी वाळू असलेल्या गोठ्यात ती गाय चालून जाईल. इथे पावसाळा काढणं कठीण.

दुसऱ्या टोकाची, फार जड गायही वाईटच. तिच्यावर मशीन जास्त वेळ राहते, टोक सोलवटतं, थोडं दूध आत राहतं. म्हणून मधली.

लाळ्या_खुरकूत:
+१. तेच लिहायचं होतं, रेतनाला जावं लागलं.

भर एवढीच: दूध काढल्यावर सडाचा छल्ला पूर्ण आवळायला अर्धा ते एक तास जातो. तेवढा वेळ गाय उभी राहिली पाहिजे. ढेप धारेच्या वेळी द्या, पण कुटार-कडबा धार संपल्यावर गव्हाणीत टाका, म्हणजे ती खात उभी राहते. आणि ०.५ टक्क्याच्या आयोडीनमध्ये चारही सड बुडवा. फवारा मारला की टोकाची एक बाजू कोरडी राहते, कप वापरा. उरलेलं आयोडीन परत बाटलीत ओतायचं नाही.

उन्हाळ्याचंही सांगतो. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की गायींना भिजवून लगेच मशीन लावतात. पाठीवरचं पाणी कासेवरून ओघळून लायनरमध्ये जातं आणि चारही सडांत घाण फिरते. भिजवा, पण कास कोरड्या कापडाने पुसा. गायीला कापड वेगळं.

पूर्णाकाठ:
म्हशीबद्दल कोनी बोलत नाई म्हनून लिवतो. अकोला-अमरावतीकडे नागपुरी, पूर्णाथडी म्हशी हायेत, त्याईचा हिशेबच येगळा. म्हशीच्या खालच्या पोकळीत जेमतेम पाच टक्के दूध राह्यते, बाकी समदं वर. पान्हाले दोन-तीन मिनिटं धरूनच चाला. सडाचं तोंड बी घट्ट, म्हनून मशीनचा दाब गायीपेक्षा थोडा जास्त लागते. घट्ट तोंडानं दगडी कमी होते, हा फायदा. मंग म्हशीचा वेग वाढवाचा म्हन्जे हाच फायदा इकून टाकाचा का?

सव्वाशेर:
पूर्णाकाठ, हा मुद्दा गायीलाही तसाच लागू. धाग्याचं उत्तर तिथेच संपतं माझ्या मते.

पूर्णाकाठ:
संपत नाई. म्हैस घट्ट हाय म्हनून उद्या बारा मिनिटं घेनारी वगार कोनी ठेवन का? मधली पाह्यजे, वर काळी_माती म्हनते तेच.

ढेप_चुनी:
बारा मिनिटं लागत असन तर एक सुई मारा, दोन मिनिटात मोकळी. गावात समदे मारतेत.

लाळ्या_खुरकूत:
ही थट्टा असेल तर ठीक. नसेल तर: १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम १२ फुंका (पान्हा काढायला जनावराच्या योनीत हवा फुंकणं) आणि त्यासोबत दूध वाढवायला टोचलेल्या, तब्येतीला घातक अशा इंजेक्शनलाही लागू होतं. कायदा बाजूला ठेवला तरी रोज बाहेरून ऑक्सिटोसिन मिळालं की जनावर सुईशिवाय पान्हावायचं विसरतं. सुट्टीच्या दिवशी सुई संपली की दूध कासेतच. आणि ज्या गायीला सुई लावून मोजलं तिच्या वेगाची नोंद निवडीसाठी शून्य किमतीची, कारण मोजला गेला तो सुईचा वेग.

धागाचालक:
सुईचा विषय इथेच थांबवा. मूळ प्रश्न धारेच्या वेगाच्या निवडीचा आहे.

मोसंबी_काटोल:
एक बाळबोध शंका. जी गाय लवकर संपते ती वेगाची, असं धरून चालेल ना? मग नोंद सोपी आहे, नुसतं घड्याळ लावायचं.

कानबिल्ला:
नाही, आणि हीच चूक सगळ्यात महागात पडते. एक गाय ९ किलो देते ६ मिनिटांत: मिनिटाला दीड किलो. दुसरी ४ किलो देते ४ मिनिटांत: एक किलो. नुसत्या घड्याळाने दुसरी पहिली येईल. तिच्या मुली ठेवत गेलात तर कोठ्यात वेग वाढणार नाही, दूध मात्र कमी होत जाईल.

किलो भागिले मिनिट केलं तरी पूर्ण न्याय होत नाही. धारेच्या सुरुवातीचा आणि शेवटचा सावकाश भाग जवळपास ठरलेला असतो, म्हणून कमी दुधाची गाय नेहमीच मंद दिसते. वेताच्या शेवटी तर प्रत्येक गाय मंद. म्हणून तुलना करायची तर विल्यानंतर ३० ते १०० दिवसांतल्या गायींची, पहिलाड्यांची पहिलाड्यांशीच. विल्यावर पहिले दोन आठवडे मोजू नका, कासेला सूज असते.

न्यूझीलंडमध्ये शेतकरी एक ते नऊ असे गुण देतो, कॅनडात पहिल्या वेताच्या गायीला पाच पायऱ्या: फार मंद, मंद, बरी, वेगवान, फार वेगवान. मीटर नसतानाही एवढ्यावर त्यांनी वळू निवडले आहेत. गुण दिलेल्या नोंदीची आनुवंशिकता मीटरपेक्षा कमी भरते, पण शून्य नाही. रोज धार काढणाऱ्याला विचारा, तो डोळे मिटून पाच पायऱ्या सांगेल. मालकाला नका विचारू.

संत्रा_वरूड:
हाताने काढणाऱ्यांनी काय करायचं? इथले निम्मे कोठे अजून मुठीवरच आहेत.

लाळ्या_खुरकूत:
हाताने मोजलं तर गायीचा आणि माणसाचा वेग मिसळतो. एकच माणूस, एकच पद्धत असेल तरच गायी-गायींची तुलना होते. पद्धत पूर्ण मुठीची हवी. अंगठा दुमडून सड त्यावर दाबायची सवय असेल तर आधी ती सोडवा, सडाच्या आतलं अस्तर दुखावतं आणि गाठ धरते. मग तो सड कायमचा बारीक धारेचा होतो आणि दोष आईबापावर जातो.

चारपैकी एकच सड सावकाश असेल तर ते बहुतेक वेळा जनुकांचं काम नसतंच. जुनी जखम, आतली गाठ, नाहीतर दबलेली दगडी. कपडे धुण्याची पावडर १०० मिली पाण्यात ३ ग्रॅम विरघळवा, त्या सडाचं दूध आणि द्रावण समान घेऊन वाटीत फिरवा. अर्ध्या मिनिटात शेंबडासारखं घट्ट झालं तर उपचाराकडे वळा. चारही सड सारखेच बारीक असतील आणि आईही तशीच होती, तर वंशाचं म्हणा.

भंडारा_धान:
वाशिमला ५ ऑक्टोबर २०२४ ला गायी-म्हशींच्या जनुक-चिपांचं लोकार्पण झालं ना, गौ चिप आणि महिष चिप. आता कालवडीच्या केसावरून कळेल की धार कशी असेल. मग एवढी डोकेफोड कशाला?

कानबिल्ला:
चिप नुसती जनुकं वाचते. एखाद्या जनुक-खुणेचा वेगाशी काय संबंध, हे चिपला आपणच शिकवावं लागतं, आणि ते शिकवायला हजारो गायींच्या मोजलेल्या धारा लागतात. अमेरिकेला तो रकाना काढता आला कारण त्यांच्या पार्लरमध्ये प्रत्येक धारेचा वेग यंत्रच टिपतं. आपल्याकडे दूध केंद्रावर पोचल्यावर मोजलं जातं, तेही सगळ्या गायींचं एकत्र. दूध आणि फॅटच्या नोंदी आहेत, त्यांचे अंदाज चिप देईल. वेगाची नोंदच नाही, तर चिप काय कप्पाळ सांगणार.

नोंदी सुरू करायच्या तर कांडीवर छापलेला वळूचा नंबर लिहून ठेवा आणि कालवड झाली की तिच्या १२ आकडी बिल्ल्यासमोर तो टाका. कांड्या भरून झाल्यावर रिकाम्या नळ्या उकिरड्यावर जातात, बापाचं नाव तिथेच संपतं. मग तीन वर्षांनी कालवड जड निघाली की कोणत्या वळूला नाव ठेवणार?

मोसंबी_काटोल:
आणि जड निघालेल्या गायीचं काय करायचं? विकायची?

सव्वाशेर:
१४ लिटर देणारी गाय सहा मिनिटं जास्त घेते म्हणून विकणारा माणूस दूधधंद्यात नको.

बादली_मशीन:
विकू नका, क्रम बदला. निरोगी पहिलाड्या आधी, मग नेहमीच्या, जड धारेच्या त्यांच्यानंतर, दगडीवाल्या सगळ्यात शेवटी. दोन क्लस्टर असतील तर दोन जड गायी एकाच वेळी लावा. एक जड आणि एक मोकळी अशी जोडी लावली की काढणारा मोकळीचे कप वेळेवर काढत नाही, जडीकडे बघत बसतो, आणि मोकळीवर रिकामी मशीन चालते. धार मिनिटाला २०० ग्रॅमच्या खाली आली की व्हॅक्यूम बंद करा, चार-पाच सेकंद थांबा, कप आपोआप हातात येतात. चालू व्हॅक्यूमवर ओढून काढू नका. आणि जड गायीच्या क्लॉवर विटा ठेवायचा प्रकार बंद करा.

काळी_माती:
विकू नका, पण तिच्या कालवडीही पुढे ठेवू नका. नाहीतर तिला मोकळ्या धारेच्या वळूची कांडी द्या. या रकान्यातले वरचे वळू वापरायला हरकत नाही अशी हीच एक जागा.

तिसरी_धार:
एवढ्या चर्चेनंतर माझा प्रश्न लहान झालाय. कांडी घेताना दूध, फॅट, पेशी आणि पाय आधी. मग वेगाच्या रकान्यात जो वळू सरासरीच्या फार खाली असेल तो गाळायचा, फार वर असेल त्याच्या पेशींचा आकडा दुसऱ्यांदा बघायचा. बरोबर?

आणि नोंदवहीत हे रकाने आखतोय, कमीजास्त सांगा: बिल्ला नंबर, बापाचा नंबर, कितवं वेत, विल्याला किती दिवस, हात लावल्यापासून कप लावेपर्यंत सेकंद, पहिल्या दोन मिनिटांचं दूध, एकूण दूध, एकूण मिनिटं, गळते का, पावडर चाचणी. महिन्यातून एकदा, सकाळची धार. बादली सपाट काट्यावर ठेवून.

कानबिल्ला:
वळूच्या आकड्याशेजारी विश्वासार्हतेचा टक्का असतो, तोही उतरवा. कोवळ्या वळूचा आकडा पुढे हलतो. बाकी रकाने ठीक. "कोणी काढलं" हा एक राहिला.

बादली_मशीन:
काट्यावर बादली ठेवली की दोन्ही नळ्या तिला ओढतात, वजन अर्ध्या-पाऊण किलोने चुकतं. नळ्या वरून दोरीने टांगा, सैल ठेवा, मग काटा शून्यावर आणा. दोन मिनिटांचं वजन वाचताना बादलीला हात लावायचा नाही.

ढेप_चुनी:
काटा पन लाइटवरचा घेऊ नका, बॅटरीचा घ्या.